‘सायनस आहे तिला’ म्हणत वर्षानुवर्षं गोळ्या, आणि निघतं मायग्रेन : गोवंडीतल्या पोरापोरींच्या डोकेदुखीचं नेमकं काय आहे प्रकरण?

जानेवारी २०१६. मी नववीत होते. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली आणि आमच्या गोवंडीत भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटायला लागलं. धूर एवढा होता की नासाच्या उपग्रहानं काढलेल्या फोटोतही तो दिसला. पालिकेनं आजूबाजूच्या सत्तरहून जास्त शाळा बंद ठेवल्या. चाळीतली पोरं सुट्टी मिळाली म्हणून खूश, आणि मी ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधून मोरीशेजारी पडलेली. उशाशी बादली, कारण उलटी कधी येईल सांगता येत नव्हतं.

घरात निदान तयारच होतं. “सायनस आहे तिला.”

हे निदान आईनं केलं, शेजारच्या काकूंनी केलं, मेडिकलवाल्या दादांनी केलं आणि नंतर एका डॉक्टरांनी चिठ्ठीवरही लिहून दिलं. मग वाफारा, नाकात थेंब, अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स. डोकं दोन-तीन दिवसांत थांबायचं, म्हणजे ‘औषध लागू पडलं’. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मला मायग्रेन आहे हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं.

हे फक्त माझ्यासोबत झालं असतं तर त्यावर लेख लिहिला नसता. पण तुमच्याही घरात, वर्गात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एखादी ‘सायनसवाली’ असेलच. तिच्यासाठी हा लेख आहे.

तर सगळ्यात आधी, आपण ज्याला सायनस म्हणतो तो आजार नाहीच. सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि नाकाच्या आजूबाजूच्या हाडांमधल्या पोकळ्या. त्या प्रत्येकाला असतात. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली, वाट बंद झाली आणि आत चिकट पाणी साचलं की त्याला सायनुसायटिस म्हणतात. हा खरा आजार आहे आणि तो ओळखता येतो. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, नाक गच्च, वास येणं कमी, कधी ताप, वरच्या दाढा दुखणं, रात्री खोकला. साध्या सर्दीनंतर दहा दिवस उलटूनही बरं वाटत नसेल, किंवा बरं वाटता वाटता अचानक बिघडलं, तर सायनुसायटिसचा संशय घेतात.

आता मायग्रेन. जागतिक पातळीवर डोकेदुखीचं वर्गीकरण ठरलेलं आहे, त्यातले निकष साधे आहेत. असे किमान पाच अटॅक येऊन गेलेले असावेत. औषध न घेतल्यास मोठ्यांमध्ये अटॅक ४ ते ७२ तास टिकतो, १८ च्या खालच्या मुलांमध्ये तो २ तासांचाही असू शकतो. ठणका लागणं, एका बाजूला दुखणं, काम सोडून बसावं लागेल इतकं दुखणं आणि जिना चढला तरी वाढणं, या चारपैकी दोन गोष्टी हव्यात. सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं.

मुलांमध्ये एक गंमत आहे (दुखतंय त्याला ती गंमत वाटत नाही). मोठ्यांचं मायग्रेन बहुतेकदा अर्धं डोकं धरतं, म्हणून आपल्याकडे ‘अर्धशिशी’ हा शब्द आला. पण शाळकरी वयात ते दोन्ही बाजूंना, कपाळावर, डोळ्यांच्या मागे दुखतं. म्हणजे बरोब्बर तिथे, जिथे सायनस असतात. पोर कपाळावर हात ठेवते, आई म्हणते सायनस. चूक आईची नाही, जागाच फसवी आहे.

आणि फक्त जागाच नाही. मायग्रेनच्या अटॅकमध्ये नाक चोंदतं, नाकातून पाणी येतं, डोळे पाणावतात. हे असं का होतं?

हार्बर लाइनवाल्यांना पटेल अशी गोष्ट सांगते. कुर्ल्याला सिग्नल बिघडला की लोकल गोवंडीला अडकते. आपण गोवंडीच्या फलाटावर उभं राहून शिव्या घालतो, पण बिघाड गोवंडीत नसतोच. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूपर्यंत नेणारी ट्रायजेमिनल नावाची मोठी नस असते. तिचा एक फाटा कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरा गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे जातो. मायग्रेनमध्ये ही यंत्रणा चेतवली जाते, सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती वेदना सुरू होते. दुखणं जाणवतं गालात आणि कपाळात, बिघाड असतो वर जंक्शनवर. याच जंक्शनवरून दुसरा एक संदेश नाक आणि अश्रुग्रंथींकडे सुटतो, आणि नाक वाहायला लागतं. त्या नाकात जंतू नसतात. त्यामुळे अँटिबायोटिकला मारायलाही काही नसतं.

मग गोळी खाल्ल्यावर बरं कसं वाटायचं? अटॅक बहात्तर तासांच्या आत आपला आपण ओसरणारच होता. श्रेय कोर्सला मिळालं.

हा घोळ जगभर आहे. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ‘आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे’ असं सांगणारे २,९९१ लोक तपासले. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. २००७ मध्ये तिथेच अशा १०० जणांची नीट तपासणी झाली. ६३ जणांना मायग्रेन, आणखी २३ जणांना बहुधा मायग्रेन, आणि खरंखुरं सायनसचं दुखणं किती जणांना? तिघांना. मुलांचं म्हणाल तर तुर्कस्तानातल्या २००८ च्या अभ्यासात मायग्रेन असलेल्या साधारण ४० टक्के मुलांना आधी ‘सायनस’ सांगितलं गेलं होतं.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या पाहणीत वर्षभरात २५.२ टक्के लोकांना मायग्रेनचा त्रास झाल्याचं दिसलं होतं. म्हणजे चारातल्या एकाला. वयात येण्याआधी मुलगे-मुली साधारण सारखेच असतात, पाळी सुरू झाल्यावर मुलींचं प्रमाण वाढत जातं आणि मोठेपणी ते पुरुषांच्या दोन-तीन पट होतं. नववी-दहावीतल्या मुलीचं डोकं दुखायला लागलं की ‘अभ्यास टाळतेय’, ‘मोबाइल बघ अजून’ किंवा ‘नजर लागली’ म्हणत मिरच्या उतरवणं, हे सगळं नेमकं त्याच वयात होतं.

गोवंडीत मामला जास्त गुंतागुंतीचा का?

कारण इथे सायनस हे निव्वळ निमित्त नाही. इथली नाकं खरंच आजारी आहेत.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. २०१६ मध्ये जानेवारीनंतर मार्चमध्येही मोठी आग लागली. लहानसहान धूर तर शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगरवाल्यांना नवीन नाही. त्यात दवाखान्यांमधला कचरा जाळणारा प्रकल्पही इथेच. त्याविरोधात गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयानं तो प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवायला सांगितलं. शिवाय घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचे ट्रक, काँक्रीट मिक्सर, बांधकामाची धूळ.

घरांचं सांगायचं तर लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन इमारती इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात अशाच खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण जास्त दिसलं होतं. ओल, बुरशी, धूळ यांनी अ‍ॅलर्जीची सर्दी होते. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाकाला खाज, सतत चोंदलेलं नाक ही तिची खूण. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व वॉर्ड शहराच्या २४ वॉर्डांत तळाला होता, ते उगाच नाही.

म्हणजे गोवंडीतल्या एकाच पोरीला अ‍ॅलर्जीची सर्दी आणि मायग्रेन दोन्ही असू शकतं. बऱ्याचदा असतंच. अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये मायग्रेन जास्त आढळतं, आणि चोंदलेल्या नाकानं झोप मोडली की मायग्रेनला आमंत्रणच. ‘सायनस नाही, मायग्रेन आहे’ असं सांगून डॉक्टरांनी नाकाकडे दुर्लक्ष केलं तर तेही अर्धंच झालं.

मग प्रदूषणानं मायग्रेन होतं का? इथे जरा सांभाळून बोलू. तैवान आणि दक्षिण कोरियातल्या अभ्यासांत हवा खराब असलेल्या दिवशी मायग्रेनसाठी दवाखान्यात येणारे वाढलेले दिसले. यावरून ‘डम्पिंगमुळे मायग्रेन झालं’ असं म्हणता येत नाही. मायग्रेनची मुळं बरीचशी घराण्यात असतात, माझ्या आजीलाही ‘अर्धशिशी’ होती. पण मुळात नाजूक असलेल्या डोक्याला धूर डिवचतो, एवढं म्हणायला हरकत नाही. आणि वासाचं तर सांगायलाच नको. मायग्रेनमध्ये वास सहन होत नाहीत, काहींचा अटॅक वासानंच सुरू होतो. हे लक्षण मायग्रेन ओळखायला इतकं उपयोगी आहे की डॉक्टर मुद्दाम विचारतात. आता वाऱ्याची दिशा बदलली की अख्ख्या वस्तीत कचऱ्याचा वास भरतो, तिथल्या मुलीला ‘तीव्र वास टाळा’ हा सल्ला कसा द्यायचा, हे डॉक्टरांनीच सांगावं.

इंटरनेटवरच्या बाकी सल्ल्यांचंही तसंच आहे. ‘शांत, अंधाऱ्या खोलीत पडून राहा.’ कुठली खोली? दहा बाय बाराच्या घरात सहा माणसं, एक ट्यूबलाइट, एक टीव्ही, शेजारी शिलाई मशीन. ‘रोज ठरलेल्या वेळी झोपा.’ आमच्याकडे पाणी पहाटे यायचं, पिंप भरायला आईसोबत मीच उठायचे. ‘भरपूर पाणी प्या.’ शाळेतल्या संडासाची अवस्था बघून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शिक्षकांना हे माहीत असतं, बोलत कुणी नाही. मुलींचा शाळेतला दुपारचा अटॅक आणि रिकामी पाण्याची बाटली यांचा संबंध एखाद्या मुख्याध्यापिकेनं शोधून पाहावा.

तरी जे जमतं ते बरंच आहे. झोप, जेवण, पाणी, हालचाल या चार गोष्टींची वेळ शक्यतो हलू न देणं, हा मुलांच्या मायग्रेनवरचा पहिला उपाय मानला जातो. उपाशी शाळेत जाऊ नका, चहा-बिस्किटावर तर नाहीच. पहाटे उठावं लागत असेल तर रात्री लवकर पडा, रविवारी दुपारपर्यंत लोळू नका. घरात अंधार होत नसेल तर डोळ्यांवर काळी ओढणी, कपाळावर ओला गार रुमाल, आणि घरातल्यांनी अर्धा तास टीव्ही बंद ठेवणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, हे मान्य.

गोळीचं काय?

इथे थोडं थांबते, कारण खरी हानी इथे होते.

अटॅक सुरू होताना लगेच, वजनानुसार ठरवलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर बऱ्याच मुलांचं भागतं. ‘बघू, सहन होतंय का’ म्हणून तीन तासांनी घेतलेली तीच गोळी काम करत नाही, कारण अटॅकमध्ये पोट मंदावलेलं असतं. डोस डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या. आयब्युप्रोफेन उपाशीपोटी नको. अंगात ताप असेल तर ते स्वतःच्या मनानं अजिबात नको, पावसाळ्यात तो डेंगी निघू शकतो. अ‍ॅस्पिरिन मुलांना देत नाहीत.

पण मेडिकलमधून सुट्टी मिळणारी ‘डोकेदुखीची गोळी’ रोज खाल्ली तर? साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ दिवस, किंवा कॅफीन वगैरे घातलेली मिश्र गोळी महिन्यातले १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. दहावीच्या वर्षी माझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात कायम एक पत्ता असायचा, मैत्रिणी माझ्याकडून मागून घ्यायच्या. आम्हाला ते साधं वाटायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल तर ती गोळी बदलायची नसते, डॉक्टर गाठायचे असतात.

बामबद्दल विचारणारे असतीलच. अमृतांजन १८९३ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालं, त्यामुळे कपाळाला बाम लावणं ही परंपराच म्हणा. गार वाटतं, हरकत नाही. पण वासानं त्रास होणाऱ्या मुलीला जबरदस्तीनं चोळू नका.

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनसारखे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. तेव्हा रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं सुचवली जातात. त्यातलं प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्यांना चालत नाही, आणि गोवंडीत दमा काही दुर्मीळ नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. टोपिरामेट गर्भावर परिणाम करू शकतं, मोठ्या मुलींनी ते लक्षात ठेवावं.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ८ ते १७ वयाची साडेतीनशेहून जास्त मुलं होती. काहींना अमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना नुसती साखरेची गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आलेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के. साखरेची गोळीच मागे राहिली नाही! याचा अर्थ मुलं नाटक करत होती असा नाही. दिनक्रम नीट करणं, कुणीतरी लक्ष देतंय हा भरवसा, यांचाही मेंदूवर परिणाम होतो. त्याआधी २०१३ मध्ये क्रॉनिक मायग्रेनच्या १३५ मुलांवर झालेल्या चाचणीत औषधासोबत समुपदेशन, म्हणजे वेदनेला तोंड द्यायची कौशल्यं शिकवली, तेव्हा ६६ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्मे झाले. औषधासोबत नुसती माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण ३६ टक्के होतं. म्हणून कुणी समुपदेशकाकडे पाठवलं तर ‘मला वेडी समजले’ असं वाटून घेऊ नका. सततच्या दुखण्यानं मन खचतंच. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

डॉक्टरांकडे जाताना फाइलपेक्षा एक गोष्ट जास्त कामाची आहे, भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात दुखलं त्या दिवशी खूण करा. किती वाजता सुरू झालं, किती तास टिकलं, उलटी झाली का, नाकातून काय आलं, गोळी घेतली का, पाळी कधी आली, धूर किंवा वास होता का. दोन-तीन महिन्यांची पानं फाडून घेऊन जा. पालिकेच्या शिवाजीनगरमधल्या हवामापन केंद्राचा आकडा ‘समीर’ अ‍ॅपवर दिसतो, तोही लिहिलात तर उत्तम. पीएम २.५ साठी आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

‘आपला दवाखाना’ किंवा गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयाच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. पुढे गरज पडली तर सायन किंवा केईएमच्या न्यूरोलॉजी विभागाची चिठ्ठी मागा. बहुतेकदा निदान प्रश्न विचारून आणि तपासूनच होतं. सायनसचा एक्स-रे फारसा उपयोगाचा नसतो, आणि साध्या सर्दीतही स्कॅनमध्ये सायनस भरलेले दिसतात. ‘नाकाचं हाड वाकडं आहे’ हे वाक्य ऐकून ऑपरेशनला घाबरू नका आणि घाईही करू नका, थोडं वाकडं हाड खूप जणांचं असतं. चष्म्याचा नंबर मात्र एकदा तपासून घ्या.

काही वेळा वाट बघायची नसते. विजेसारखं अचानक आलेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, तापासोबत मान आखडणं, फिट येणं, हातपाय लुळा पडणं किंवा जीभ जड होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, रोज पहाटे दुखण्यानं जाग येऊन उलटी होणं, आणि सर्दीत डोळ्याभोवती सूज किंवा लाली येणं. यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

शाळेचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत मायग्रेनचं नाव नाही. त्यामुळे हक्कानं सवलत मागता येत नाही, वर्गशिक्षिकेशी बोलावं लागतं. डॉक्टरांचं पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, फेब्रुवारीत नाही. पंख्याखाली पण ट्यूबपासून लांब जागा, वर्गात बाटलीतलं पाणी प्यायची आणि अटॅक आला की गोळी घ्यायची परवानगी, वीस मिनिटं डोकं टेकायला एक बाक, एवढं मागा. माझ्या दहावीत एका बाईंनी न सांगता माझा बाक खिडकीपासून हलवला होता. त्यांना मायग्रेन हा शब्द माहीत होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आता माझे अटॅक महिन्यातून एक-दोनदा येतात. नाक सकाळी अजूनही चोंदतं, त्यासाठी स्प्रे वेगळा आणि डोक्यासाठी गोळी वेगळी. आई फोनवर अजूनही विचारते, “सायनस कसंय गं तुझं?”